मोटारीची तिसरी रांग

मोटार विकत घेण्याचा प्रसंग मध्यम स्थितीच्या कुटुंबांत दहा-बारा वर्षांतून एकदां येतो, आणि लग्नकार्यें वगळल्यास घरांतील सर्व माणसांनीं एकत्र बसून वाद घालावा असा दुसरा प्रसंग आतां फारसा उरलेला नाहीं. किंमत, इंधनाचा खर्च, रंग इत्यादि बाबतींत मतें लवकर जुळतात. घोडें अडतें तें एकाच प्रश्नापाशीं: गाडी पांच माणसांची घ्यावी, कीं सात माणसांची? म्हणजेच तिच्यांत आसनांच्या दोन रांगा असाव्या, कीं तीन? वरवर पाहणारास हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न वाटेल. घरांतील माणसें मोजावीं आणि तितक्या जागांची गाडी घ्यावी, म्हणजे झालें. परंतु मोजावयास बसलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, कोणास मोजावयाचें हेंच ठरलेलें नाहीं. रोज घरीं जेवतात तेवढींच माणसें मोजावीं, कीं दिवाळीस येतात तींही धरावीं? परगांवीं नोकरीस असलेला मुलगा, धाकटा भाऊ व त्याचीं मुलें, गांवच्या घरीं राहणारी वृद्ध आई, यांचा त्या गाडीवर हक्क आहे कीं नाहीं? तेव्हां तिसऱ्या रांगेचा वाद हा वस्तुतः आपलें कुटुंब म्हणजे कोण या प्रश्नावरचा वाद असतो, आणि म्हणूनच तो लवकर मिटत नाहीं.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाहीं आणि केवळ आजचाही नाहीं. गेल्या शंभर वर्षांत तो निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या वेळीं झालेला आहे. आणि त्याचा इतिहास पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. कुटुंबें मोठीं असतांना मोठ्या गाड्या खपाव्या व तीं लहान झाल्यावर लहान गाड्या खपाव्या, असा सामान्य बुद्धीचा अंदाज. घडलें आहे तें पुष्कळ अंशीं याच्या उलट. तें तसें कां घडलें याचा थोडा विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, प्रवाशांस रांगेनें बसविणें ही कल्पनाच आमच्याकडे नवी. बैलगाडींत रांगा नसत. खालीं कडबा किंवा पेंढा, त्यावर घोंगडी व सतरंजी पसरली कीं बैठक तयार झाली. तींत चार माणसें बसत आणि प्रसंगीं नऊही बसत. सुखवस्तु घरची दमणी घेतली, तरी तिचें ऐटदार छप्पर, पडदे व बैलांच्या घुंगुरमाळा यांपलीकडे आंतील व्यवस्था तीच. मांडीस मांडी लावून बसण्याच्या या पद्धतींत कोणतीही जागा कोणाच्या नांवाची नसे. आणखी कोणी आलें तर सर्वांनीं थोडें सरकावयाचें, एवढाच नियम. टांगा आला तेव्हां बैठकीचे दोन भाग झाले. पुढचा पुढें पाहणारा आणि मागचा मागें पाहणारा. मागच्या बाजूस बसणारास आपण कोठें चाललों हें दिसत नसे, कोठून आलों एवढेंच दिसे. पुढें आगगाडीच्या व मोटारीच्या बाकांनीं ही वांटणी पक्की केली. एकदां रांगा आल्या म्हणजे पहिली कोणाची व शेवटची कोणाची, हा प्रश्न ओघानेंच आला.

मोटारीस तिसरी रांग लावण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेंत झाला, म्हणून आधीं तिकडे वळूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील रेल्वे स्टेशनांवरून उतारू व त्यांचें सामान हॉटेलांत पोंचविण्याकरितां मोटारीच्या सांगाड्यावर लांकडी सांटा चढवून गाड्या तयार करीत. त्यांस 'स्टेशन वॅगन' हें नांव पडलें तें यावरूनच. हें लांकूडकाम प्रथम निरनिराळे छोटे कारखानदार करून देत. १९२९ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या 'मॉडेल ए' गाडीची स्टेशन वॅगन स्वतःच विक्रीस काढली, आणि तिला लागणारें लांकूड मिशिगन प्रांतांतील आपल्या मालकीच्या जंगलांतून आणविलें. १९३५ सालीं शेव्हरोले कंपनीनें हलक्या मालमोटारीच्या सांगाड्यावर पोलादी अंगाची 'सबर्बन' नांवाची गाडी बांधली. तींत तीन रांगांत मिळून आठ माणसें बसत. या सर्व हकीकतींत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, तिसरी रांग प्रथम जन्मास आली ती धंद्यांत. घरांत ती मागाहून शिरली. आपल्याकडेही हाच क्रम पुन्हा दिसणार आहे.

दुसरें महायुद्ध संपल्यावर १९४६ ते १९६४ या काळांत अमेरिकेंत जन्मांची मोठी लाट आली. १९५७ च्या सुमारास तेथें दर स्त्रीमागें सरासरी ३.७ मुलें असें प्रमाण होतें. शहराबाहेर नव्या वसाहती उठल्या, बाजार व शाळा पायीं जाण्याच्या पल्ल्याबाहेर गेल्या, आणि लांकडाची जागा पोलादानें घेतलेली स्टेशन वॅगन घरोघर दारापुढें उभी राहूं लागली. १९५७ सालीं क्रायस्लर कंपनीनें आपल्या वॅगनमध्यें तिसरी रांग बसविली ती मागें तोंड करून. ज्यांस टांगा आठवतो त्यांस ही युक्ति नवी वाटणार नाहीं. त्या रांगेंत मुलें बसत आणि मागून येणाऱ्या गाडीच्या चालकास वेडावून दाखवीत. आईबापांस गोंगाट दूर गेल्याचें समाधान व मुलांस देखरेख सुटल्याचा आनंद, असा तो उभयपक्षीं सुखाचा करार होता. गाडी मागून ठोकरली गेली तर सर्वांत आधीं कोण सांपडेल, हा विचार त्या काळीं फारसा कोणी केला नाहीं.

१९७३ च्या ऑक्टोबर महिन्यांत अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली, पेट्रोल महागलें आणि या लांबलचक गाड्यांचे दिवस भरले. शिवाय मुलांची लाटही ओसरली होती. १९८३ सालीं दर स्त्रीमागें मुलांचें प्रमाण १.८ वर, म्हणजे पूर्वींच्या निम्म्यावर, आलें होतें. आतां तिसऱ्या रांगेचें काम संपलें असेंच कोणीही म्हटलें असतें. परंतु नेमक्या त्याच सालीं तिचा पुनर्जन्म झाला. क्रायस्लर कंपनी त्या वेळीं दिवाळ्याच्या कांठावरून नुकतीच परतली होती. १९८० च्या जानेवारींत अमेरिकन सरकारनें दीड अब्ज डॉलरांच्या कर्जास हमी दिली म्हणून ती वांचली. तिचे अध्यक्ष ली आयकोका व त्यांचे सहकारी हॅल स्पर्लिक हे दोघेही फोर्ड कंपनींतून काढून टाकलेले गृहस्थ. उंचीनें व रुंदीनें बेताची, घरच्या मोटारखान्यांत मावणारी, पण तीन रांगांची गाडी काढावी ही स्पर्लिकची जुनी कल्पना फोर्डनें नाकारली होती. ती क्रायस्लरमध्यें फळास आली, आणि २ नोव्हेंबर १९८३ रोजीं कानडांतील विंडसर येथील कारखान्यांतून पहिली 'मिनिव्हॅन' बाहेर पडली.

या गाडीची किमया मुख्यतः तिच्या तळांत होती. इंजिनाची शक्ति पुढच्या चाकांस दिली म्हणजे ती मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा लागत नाहीं. त्यामुळें गाडीचा तळ सपाट व जमिनीपासून ठेंगणा ठेवतां आला. उंच पायरी चढावी लागत नाहीं, सरकतें दार, आंत जवळजवळ चालत जावें अशी सोय. ज्या बाईनें मालमोटारीसारखी गाडी कधीं चालविली नसती ती ही गाडी सहज चालवूं लागली. पण गाडी सोयीची होती एवढ्यानें ती इतकी कां खपली याचा उलगडा होत नाहीं. मुलें कमी झालीं होतीं हें खरें. परंतु प्रत्येक मूल अधिक जागा अडवूं लागलें होतें. लहान मुलास खास आसनांत बांधूनच गाडींत न्यावें असा कायदा टेनेसी प्रांतानें १९७८ सालीं अमलांत आणिला, आणि १९८५ पर्यंत सर्व प्रांतांनीं तसे कायदे केले. अशीं दोन आसनें ठेवलीं कीं दुसरी रांग भरली. मग आजी बसणार कोठें? शिवाय पूर्वींचीं चार भावंडें एकमेकांच्या सोबतीनें शाळेस वा मैदानावर जात. आतांच्या दोघांस सोबत व्हावी म्हणून शेजाऱ्यांचीं तिघें बरोबर घ्यावीं लागत, आणि सर्वांना नेण्याची पाळी आज एका आईची तर उद्यां दुसरीची. सारांश, स्टेशन वॅगनची तिसरी रांग स्वतःच्या मुलांकरितां होती. मिनिव्हॅनची तिसरी रांग कुटुंबाबाहेरच्या माणसांकरितां होती. घर लहान झालें तसतशी बाहेरच्यांची गरज वाढली, आणि त्या गरजेनें गाडी मोठी केली.

आतां आपल्याकडे यावें. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दशकांत ज्यांस स्वतःची मोटार परवडे त्यांच्या दारीं बहुधा फिआट किंवा ॲम्बॅसॅडर असे. दोहोंसही रांगा दोनच. कुटुंबें तर त्या काळीं चांगलीं भरलेलीं. तरी कोणास तिसऱ्या रांगेची उणीव भासल्याचें आठवत नाहीं, कारण बैलगाडींतील 'सरका थोडे' हा नियम मोटारींतही चालू होता. पुढचें आसन सलग बाकाचें असून गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकापाशीं असल्यामुळें पुढें तिघे व प्रसंगीं मांडीवर चौथें मूल. मागें चार थोर माणसें, त्यांच्या मांड्यांवर लहान मुलें, आणि दोन आसनांमधील फटींत उभा राहिलेला एखादा दहा वर्षांचा मुलगा. अशी नऊ-दहा माणसें घेऊन ती गाडी खंडाळ्याचा घांट चढून जाई. एकत्र कुटुंबास तिसरी रांग लागत नव्हती, कारण त्यांतील माणसांस स्वतंत्र आसनाची अपेक्षाच नव्हती. ही संवय जशी सुटत गेली तशी रांगांची संख्या वाढत गेली.

त्याहून अधिक माणसें न्यावयाचीं झाल्यास गाडी भाड्यानें आणावी लागे. मुंबईस महिंद्र कंपनीनें १९४७ पासून विलिस जातीच्या जीपगाड्या जुळवून विकावयास आरंभ केला. या लष्करी वाहनाच्या मागच्या भागांत दोन्ही कडांस लागून समोरासमोर बाकें असत. तीच रचना लांब केलेल्या जीपगाड्यांनीं व आकुर्डीच्या बजाज टेंपो कंपनीच्या ट्रॅक्सनें उचलली, आणि खेडोपाडीं वडाप म्हणून या गाड्या धांवूं लागल्या. १९८४ सालीं मारुति कंपनीची लहान व्हॅन आली, तिच्याही आठ माणसांच्या प्रकारांत माणसें समोरासमोर बसत. १९९४ सालीं पुण्याच्या टेल्को कारखान्यानें सुमो काढली. जपानी मल्लांवरून हें नांव पडलें असें पुष्कळांस वाटतें. पण तें या कारखान्याचे थोर शिल्पकार सुमंत मुळगांवकर यांच्या नांव-आडनांवांच्या आद्याक्षरांवरून दिलेलें आहे. मुळगांवकर १९८९ सालीं निवर्तले होते. त्यांचें नांव त्यांच्या पश्चात् महाराष्ट्रांतील घाटाघाटांतून पंचवीस वर्षें फिरलें, आणि २०१९ सालीं सुमोचें उत्पादन थांबलें.

यानंतरचा टप्पा २००० सालचा. बंगलोरजवळ बिडदी येथें टोयोटा किर्लोस्कर कंपनीच्या कारखान्यांतून क्वालिस बाहेर पडली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील माळावर नांगरांचा कारखाना उभारिला. त्याच घराण्याचें नांव नव्वद वर्षांनीं एका जपानी मोटारीशीं जोडलें जावें, ही मराठी वाचकास सुखविणारी गोष्ट आहे. ही गाडी मूळची इंडोनेशियांतील. तेथें १९७७ पासून 'किजांग', म्हणजे एक जातीचें हरिण, या नांवानें ती साधी मालगाडी म्हणून खपूं लागली व पुढें तेथील मोठ्या कुटुंबांची गाडी बनली. क्वालिस जुनाट दिसते असें म्हणून मोटारींच्या जाणकारांनीं नाकें मुरडलीं; पण तिनें माणसें विनातक्रार वाहिलीं. तिच्या जागीं २००५ सालीं इनोव्हा आली. या दोन्हीं गाड्या मोठ्या संख्येनें घेतल्या त्या भाड्याचा धंदा करणारांनीं. मध्यम स्थितीच्या लोकांस तिसऱ्या रांगेचा परिचय झाला तो विमानतळावर जातांना, अष्टविनायकाच्या यात्रेंत किंवा वऱ्हाडाबरोबर. दुसऱ्याच्या गाडींत, भाडें भरून. अमेरिकेंतील क्रम येथेंही तोच राहिला: आधीं धंदा, मग घर.

घरांत ती रांग खऱ्या अर्थानें शिरली ती २०१२ च्या एप्रिल महिन्यांत मारुतीची एर्टिगा आल्यावर. जड लोखंडी सांगाड्यावर चढविलेल्या इनोव्हाहून ही निराळी. हिचें अंग व सांगाडा एकजीव, शक्ति पुढच्या चाकांस, तळ ठेंगणा. म्हणजे १९८३ ची अमेरिकन युक्ति आपल्याकडे सर्वसामान्यांच्या आटोक्यांत येण्यास जवळजवळ तीस वर्षें लागलीं. नऊवारी नेसलेल्या आजीस हात धरून वर ओढावें लागूं नये, एवढी गोष्ट तिनें साधली. पुढें २०२२ सालीं खुद्द इनोव्हाच्या नव्या 'हायक्रॉस' प्रकारानेंही तोच मार्ग पत्करला.

परंतु ज्या काळांत हें घडलें त्या काळांत आमचीं कुटुंबें वाढत होतीं काय? मुळींच नाहीं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत एका घरांतील माणसांची सरासरी ४.४ भरली. म्हणजे पांच माणसांच्या गाडींत अर्ध्या माणसाहून अधिक जागा मोकळी राहावी! तरी सात जणांच्या गाड्यांची मागणी वाढतच गेली. याचें कारण मला असें दिसतें. वाडा होता तेव्हां भावंडें एकाच छपराखालीं असत. त्यांस एकत्र आणण्याकरितां वाहनाची गरज नव्हती. आतां एक भाऊ पुण्यास, दुसरा बंगलोरास, बहीण परदेशीं. वर्षाकाठीं चार-पांच दिवस सर्व एकत्र येतात, आणि ते दिवस देवदर्शनांत, लग्नांत किंवा समुद्रकांठीं, म्हणजे बहुतांशीं प्रवासांतच जातात. त्या वेळीं दोन गाड्या केल्या तर गप्पा दुभंगतात; ज्या गाडींत थोरला भाऊ गोष्टी सांगतो ती सोडून दुसरींत बसावयास कोणी राजी नसतें. पूर्वीं माजघरांत जें होत असे तें आतां धांवत्या गाडींत होतें. अमेरिकेंत तिसरी रांग शेजाऱ्यांच्या मुलांकरितां आली. आमच्याकडे ती दुरावलेल्या सख्ख्यांकरितां आली. दोन्हीं ठिकाणीं ती घरांत असलेल्या माणसांकरितां नव्हती.

अर्थशास्त्राचा अभ्यासक येथें म्हणेल कीं, पांच दिवसांकरितां बारा महिने मोठी गाडी बाळगणें हा शुद्ध तोटा आहे. त्या पांच दिवसांपुरती गाडी भाड्यानें आणावी. हिशेब म्हणून तें बरोबर आहे, आणि ज्याच्या घरीं खरोखरीच वर्षांतून पांचच दिवस माणसें येतात त्यानें तो मानावा हें उत्तम. पण आमच्या घरांतून पाहुण्यांच्या गाद्या वर्षभर फडताळांत पडून असतात आणि पन्नास पानांचीं भांडीं माळ्यावर असतात, त्यांचा हिशेब कोणी याप्रमाणें केलेला नाहीं. रिकामी गादी दिसली म्हणजे येणारास संकोच वाटत नाहीं. रिकाम्या आसनाचेंही तसेंच असावें.

तथापि हें आसन कसें असतें, हें पाहिल्यावांचून त्याचें गुणगान करणें बरें नव्हे. येथें सरकारी खजिन्याचाही संबंध येतो. २००६ सालच्या अंदाजपत्रकांत चार मीटरांहून आंखूड व लहान इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादनकर शेंकडा २४ वरून १६ वर आणिला गेला. कर बदलत गेले, पण चार मीटरांची ती रेषा कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेषेच्या अलीकडील गाडीस शेंकडा १८ व पलीकडील गाडीस शेंकडा ४० असा वस्तु-सेवा कर आहे. हा फरक लहान नव्हे. त्यामुळें या रेषेच्या आंतच तीन रांगा बसविण्याची खटपट कारखानदार करूं लागले. २०१९ ची रेनॉ ट्रायबर ३.९९ मीटर लांबीची असून तींत सात आसनें आहेत. अशा गाड्या पूर्वीं झाल्या नाहींत असें नाहीं. १९५६ सालीं इटलींतील फिआट कंपनीनें साडेतीन मीटरांच्या 'मल्टिप्ला' गाडींत तीन रांगांत सहा माणसें बसविली होतीं, आणि तिकडील टॅक्सीवाल्यांनीं ती उचलून धरली होती. पण भूमितीचे नियम कोणास सुटत नाहींत. ट्रायबरमध्यें सातही आसनें मांडलेलीं असतां डिक्कींत ८४ लिटरांइतकी जागा उरते. शेवटचीं दोन काढून ठेवलीं कीं ती ६२५ लिटर होते. म्हणजे सात माणसें न्या किंवा सामान न्या, असा रोखठोक सवाल आहे. चार मीटरांत कोणाला तरी आंखडून बसावें लागणारच. कोणी, एवढेंच ठरवावयाचें असतें.

तें कसें ठरतें हें मीं लहानपणापासून पाहिलें आहे. आमच्या घरीं एक विधवा आत्या असे. दरसाल कुलस्वामिनीच्या दर्शनास आम्ही भाड्याच्या गाडीनें कोंकणांत उतरत असूं. पुढें चालकाजवळ वडील, मधल्या रांगेंत आजोबा व काका, आणि शेवटच्या आडव्या बाकावर आत्या, लाडवांचे डबे, पाण्याचा पिंप व आम्ही मुलें. तिला कोणी मागें बस म्हणून सांगितल्याचें मला आठवत नाहीं. ती आपणच तेथें जाऊन बसे, आणि विचारल्यास मला येथेंच बरें वाटतें म्हणे. मागचें आसन चाकाच्याही पलीकडे असल्यामुळें खांचखळग्यांचा सर्वांत अधिक दणका तेथेंच बसतो. आडवें बसल्यानें घांटाच्या प्रत्येक वळणावर पोट ढवळून निघतें. आत्या तोंडांत आवळासुपारी धरून डोळे मिटून बसे. ती वारल्यावर पुष्कळ वर्षांनीं आईकडून कळलें कीं, त्या प्रवासाच्या आदल्या रात्रीं ती कधींच जेवत नसे. रात्रीं जेवलें नाहीं म्हणजे सकाळीं वांति होत नाहीं व मुलांचे कपडे खराब होत नाहींत. ही गोष्ट एका घरांत राहून आम्हां कोणासही ठाऊक नव्हती.

ही हकीकत अश्रु ढाळण्याकरितां सांगितलेली नाहीं. तिसऱ्या रांगेच्या साऱ्या इतिहासाचें मर्म मला तींत दिसतें. गाडी ज्यानें विकत घ्यावयाची तो त्या रांगेंत बसत नाहीं, आणि जो बसतो त्याचें मत कोणी विचारीत नाहीं. म्हणून ती रांग इतकीं वर्षें वाईट राहिली. अमेरिकेंत तेथें मुलें बसलीं, आमच्याकडे मुलें, विधवा आणि गडीमाणसें बसलीं. आणि समोरासमोरच्या बाकांस पट्टे नसत याची चौकशी कोणी केली नाहीं. भाडें भरणारे उतारू मागें बसूं लागले तेव्हां मागच्या छतास एसीच्या झरोक्या आल्या, पाठ कलती करतां येऊं लागली व आसनांचीं तोंडें पुढें झालीं. पैसा देणारा माणूस मागें गेला, त्याबरोबर सुखही मागें गेलें.

तात्पर्य, तीन रांगांची गाडी घेणारानें कांहीं साध्या गोष्टी स्वतः पाहाव्या. शेवटच्या रांगेंत जाण्यास मधलें आसन किती सहज दुमडतें. बसल्यावर गुडघे छातीशीं येतात कीं मांडी आसनास टेंकते. डोकें व मागचें दार यांत अंतर किती. तेथील पट्टा खांद्यावरून येतो कीं नुसता कमरेस. वारा पोंचतो कीं नाहीं. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशांत गाड्यांच्या टकरीच्या चाचण्या होऊन त्यांस तारे दिले जाऊं लागले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ताऱ्यांचा आंकडा वाचतांना चाचणी कोणत्या आसनांची झाली हेंही विचारावें. आणि ज्या घरीं मागें बसणारें कोणीच नाहीं, त्यांनीं निःसंकोच पांच माणसांची गाडी घ्यावी. उगाच मोठेपणाकरितां रिकामें आसन वाहूं नये.

आमच्या घरीं सध्यां हाच विचार चालू असल्यामुळें गेल्या महिन्यांत एका दुकानीं गाडी पाहावयास गेलों होतों. विक्रेता तरुण व नम्र होता. मी मधलें आसन दुमडून मागें शिरूं लागलों तेव्हां तो घाईनें म्हणाला, "सर, तुम्ही कशाला? मागं लहान मुलंच बसणार." मी तरीही आंत जाऊन बसलों. गुडघे वर आले, मान थोडी वांकवावी लागली, आणि बाहेर येतांना मुलाचा हात धरावा लागला. घरीं परततांना मीं मनांत हिशेब केला. नातवंडें आज चार व सहा वर्षांचीं आहेत. गाडी पंधरा वर्षें तरी टिकावी अशी आमची अपेक्षा असते. तोंपर्यंत नातवंडांचे पाय लांब होतील आणि तीं पुढें बसतील. गाडी मुलगा किंवा सून चालवील. आणि मागें कोण बसेल हें सांगण्यास ज्योतिष्याची गरज नाहीं. आम्ही दोघेंही तेव्हां येथेंच बरें वाटतें असेंच म्हणूं. म्हणून ती गाडी घेतली नाहीं. दुसरी पाहत आहों, आणि आतां प्रत्येक दुकानीं प्रथम मागच्या रांगेंत जाऊन अर्धा तास बसतों.